स्मृतिभ्रंशातील भटकणे: कारण ओळखण्यापासून शोध घेण्यापर्यंत

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झालेली व्यक्ती एके दिवशी कोणालाही न सांगता घराबाहेर पडते आणि तिला परतीची वाट सापडत नाही, तेव्हा घरच्यांच्या मनात पहिला उपाय येतो तो दाराला कुलूप लावण्याचा. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली तरी ती प्रश्नाच्या एकाच टोकाला हात घालते. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या अंदाजानुसार डिमेन्शिया असलेल्या १० पैकी ६ व्यक्ती कधी ना कधी अशा भरकटतात आणि त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडते. त्यामुळे पहिला प्रसंग घडून गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा निदान झाल्यापासूनच तयारीला लागणे शहाणपणाचे ठरते. या तयारीत चालणे आणि हरवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चालण्यामुळे भूक, झोप, पचन आणि पायांतली ताकद टिकते, तर हरवण्याने जीव धोक्यात येतो. पुढे सांगितलेल्या सर्व गोष्टी पहिले जपण्यासाठी आणि दुसरे टाळण्यासाठी आहेत.

मेंदूत काय बिघडते

आपण कुठे आहोत आणि कुठल्या दिशेने चाललो आहोत, याचा हिशेब मेंदू सतत ठेवत असतो. शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती आणि जागेचे भान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, ठरावीक जागी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या एन्टोऱ्हायनल भागात जागेचे जणू चौकटीत मोजमाप करणाऱ्या पेशी शोधल्या. या कामासाठी तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असलेल्या अल्झायमर आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी अगदी सुरुवातीला ज्या भागांत दिसू लागतात, त्यांत नेमका हा एन्टोऱ्हायनल भाग येतो. म्हणूनच एखादी व्यक्ती गप्पा नीट मारते, नावे ओळखते, आर्थिक व्यवहारावर मतही देते, आणि तरीही रोजच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या वळणाला गोंधळते. “बोलतात तर अगदी व्यवस्थित, रस्ता कसे चुकतील?” हा घरच्यांचा तर्क इथेच फसतो. बोलणे शाबूत असणे ही रस्त्याच्या भानाची हमी नाही.

डिमेन्शियाच्या प्रकारानुसार चित्रही बदलते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात व्यक्ती रोज त्याच मार्गाने, त्याच वेळी लांबवर चालून येते आणि बहुधा स्वतःहून परतते. तिचा खरा धोका वाट चुकण्याचा नसून वाहनांचा अंदाज न येण्याचा किंवा दुसऱ्याची वस्तू बिनदिक्कत उचलण्याचा असतो. लेवी बॉडी प्रकारात घरात परकी माणसे दिसल्याचा भास होतो आणि त्यांच्यापासून पळ काढण्यासाठी व्यक्ती दाराकडे धावते. अशा वेळी दार अडवणारा माणूसच तिला शत्रू वाटू शकतो.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद

कोणतेही कुलूप किंवा यंत्र आणण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रत्येक वेळी किती वाजले होते, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले, व्यक्ती काय बोलली, तिने काय हातात घेतले, ती कुठल्या दिशेने गेली आणि कशाने शांत झाली, एवढे त्यात लिहावे. चालण्याची तऱ्हाही टिपावी. कोणी एकाच ठिकाणी थेट जातो, कोणी दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतो, कोणी खोलीभर गोल फिरतो, तर कोणी दिशाहीन फिरत राहतो. थेट जाणाऱ्याच्या मनात काहीतरी उद्दिष्ट असते आणि ते बहुधा विचारल्यावर कळते. येरझाऱ्यांमागे अस्वस्थता किंवा वेदना असण्याची शक्यता अधिक असते.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना: “दुपारी साडेचार. टीव्ही मोठ्याने चालू. दोनदा पँटचे बटण चाचपले. दाराशी जाऊन कडी हलवली. ‘उशीर झाला’ म्हणाले. बाथरूमकडे नेले. नंतर खुर्चीत बसून राहिले.” वरवर पाहता हा माणूस कामावर निघाला होता, पण बटण चाचपण्याची नोंद झाल्यामुळे खरे कारण लघवीची घाई हे होते, हे ध्यानात आले. अशा चार-पाच नोंदी साडेचारच्याच आसपास असतील, तर चार वाजता बाथरूमला नेणे हा उपाय कोणत्याही कुलपापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरतो.

भूक, तहान, बद्धकोष्ठता, गुडघेदुखी, टोचणारा बूट, उकाडा, कंटाळा, गोंगाट, एकटेपणा आणि जुन्या दिनक्रमाची सवय ही नेहमीची कारणे आहेत. व्यक्तीला गरज जाणवते, पण ती शब्दांत मांडता येत नाही, आणि मग पाय बोलू लागतात.

दुसरी पायरी: वैद्यकीय तपासणी

भटकणे हळूहळू वाढत गेले असेल, तर नोंदवही घेऊन डॉक्टरांना नेहमीच्या भेटीत दाखवावी. मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक अस्वस्थता वाढली, व्यक्ती कधी सावध तर कधी गुंगीत दिसू लागली, तर तो डिमेन्शियाचा पुढचा टप्पा आहे असे समजून थांबू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होणे, तुंबलेली लघवी किंवा नुकतेच सुरू झालेले औषध यांमुळे डेलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी गोंधळलेली अवस्था, होतो. त्यावर तातडीने उपचार लागतात आणि तो बऱ्याचदा उतरतोही.

औषधांकडे विशेष लक्ष द्यावे. भटकणे थांबवणारे असे विशिष्ट औषध नाही. शांत करण्यासाठी दिली जाणारी काही मानसविकारविरोधी (अँटिसायकोटिक) औषधे तर अकॅथिसिया नावाची स्थिती निर्माण करतात, ज्यात माणसाला एका जागी बसवतच नाही. म्हणजे चालणे थांबावे म्हणून दिलेली गोळीच चालणे वाढवते. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधानेही असे होऊ शकते. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या मानसविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत असा नाही. तीव्र भास किंवा हिंसक अस्वस्थता असेल तर डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. पण “रात्री बाहेर जातात, झोपेचे काहीतरी द्या” एवढ्यावर ती मागू नयेत, आणि चालू असलेली स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. याच भेटीत डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चश्म्याचा नंबर बदलल्याने किंवा कानात मळ साठल्याने ओळखीचे घरही परके वाटू लागते.

तिसरी पायरी: दिवसाची आखणी

अस्वस्थतेची वेळ वहीतून कळली की त्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी व्यक्तीला सोबत घेऊन फिरायला न्यावे. तिला चालायचे आहे, तर चालणे आपणच दिनक्रमात घालावे. शक्य असल्यास ही फेरी सकाळच्या उजेडात असावी, कारण दिवसाच्या प्रकाशाने झोप-जागेचे घड्याळ ताळ्यावर यायला मदत होते. दुपारची झोप थोडक्यात आटोपावी आणि चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी.

संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो. बाहेर अंधारू लागण्यापूर्वीच घरातले दिवे लावावेत, पडदे ओढावेत म्हणजे काचेतले प्रतिबिंब परके माणूस वाटत नाही, आणि टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवाव्यात. रात्रीसाठी पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा आणि शौचालयाचे दार उघडे, एवढे केले तरी कित्येक रात्रींची भटकंती टळते. अंधारात चुकीचे दार उघडून माणूस जिन्यावर किंवा रस्त्यावर पोहोचतो, तेव्हा तो पळून चाललेला नसतो, तर शौचालय शोधत असतो.

हातांना काम देणे हाही दिनक्रमाचाच भाग आहे. कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी घालणे, जुनी अवजारे पुसणे, कागद लावणे असे पूर्वीच्या आयुष्याशी जुळणारे काम असले, तर ते अधिक टिकते. घर बदलणे, रुग्णालयात दाखल होणे, नातेवाइकांकडे मुक्काम, प्रवास आणि गर्दीचे समारंभ या काळात धोका सर्वाधिक असतो. समारंभात “सगळे आहेतच लक्ष द्यायला” असे म्हटले जाते आणि प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते. म्हणून एका माणसाचे नाव घेऊन जबाबदारी सोपवावी, आणि तो उठला की त्याने ती दुसऱ्याच्या कानावर घालूनच उठावे.

चौथी पायरी: दाराशी काय बोलावे

बाबा बूट घालून दाराशी उभे आहेत आणि म्हणतात, “ऑफिसला उशीर झाला.” मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली!” हे खरे असले तरी त्या क्षणी ते त्यांच्या दृष्टीने अशक्य आहे. त्यांना आपल्याला कोणीतरी अडवते आहे, एवढेच कळते. आवाज चढतो, हात झटकला जातो आणि दार उघडतेच.

त्याऐवजी मुलगी म्हणू शकते, “हो का? थांबा बाबा, मीही येते तुमच्याबरोबर. आज काय काम काढलंय?” ते एखाद्या अर्धवट राहिलेल्या फायलीबद्दल सांगू लागतात. दोघे बाहेर पडतात, शांतपणे थोडे चालतात, आणि त्या फायलीच्या गप्पांत घाई विरत जाते. मग “चला, आधी पाणी पिऊन घेऊ” म्हणत परत वळता येते. इथे खोटे काही सांगितलेले नाही, फक्त दुरुस्ती केलेली नाही. समोरून आडवे न येता बाजूने, त्यांच्याच वेगाने चालणे महत्त्वाचे असते. दंड धरून ओढल्यास भीती वाढते.

स्वतःच्याच घरात बसून “मला घरी जायचंय” असे म्हणणेही नेहमीचे. त्यामागे बहुधा “मला इथे सुरक्षित वाटत नाही” ही भावना असते. “हेच आपलं घर” हे पटवत बसण्यापेक्षा “आई, तुझं घर कसं होतं गं? अंगणात काय होतं?” असे विचारल्यास मन त्या आठवणीत रमते. हयात नसलेल्या माणसाची विचारपूस झाली, तर दर वेळी त्याच्या मृत्यूची बातमी नव्याने सांगू नये. दुःख दर वेळी पहिल्याइतकेच ताजे असते.

जर्मनीतील ड्यूसलडॉर्फच्या एका वृद्धनिवासाने दाराबाहेर बस कधीच न येणारा खोटा बसथांबा उभारला. घरी जायला निघालेली व्यक्ती तिथे बसते, थोड्या वेळाने निघण्याचे कारण विसरते, आणि कर्मचारी तिला आत बोलावतात. यावर फसवणुकीचा आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते थांब्यापेक्षा तिथे शेजारी येऊन बसणारा कर्मचारी महत्त्वाचा. तो नसेल, तर माणसाला रिकाम्या बाकावर वाट पाहत ठेवणे क्रूरपणाचे होईल.

पाचवी पायरी: घरातील बदल

सुरुवात सूचना देणाऱ्या साधनांपासून करावी, अडवणाऱ्या साधनांपासून नव्हे. दाराला लावलेली छोटी घंटा, दार उघडताच वाजणारा चुंबकीय सेन्सर किंवा पलंगाशेजारी पाय पडताच इशारा देणारी चटई यांमुळे शुश्रूषा करणाऱ्याला जाग येते आणि व्यक्तीचे स्वातंत्र्यही राहते. त्यानंतरही गरज असल्यास नेहमीच्या नजरेच्या वर किंवा खाली जास्तीची कडी बसवावी. व्यक्ती सवयीच्या जागी हात घालते, नवी जागा शोधत नाही. बूट, छत्री, पिशवी, किल्ल्या या “निघायचे” असे सुचवणाऱ्या वस्तू दारापासून हलवाव्यात. गाडीची किल्ली तर कायमची नजरेआड असावी, कारण वाहन घेऊन निघालेल्या व्यक्तीचा शोध कितीतरी अवघड होतो.

दाराला भिंतीचाच रंग देणे, मुठीवर कापड टाकणे, दारापुढे काळी चटई अंथरणे असे उपायही सुचवले जातात. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००० सालच्या आढाव्यात अशा दृश्य अडथळ्यांविषयी, आणि २००७ सालच्या आढाव्यात घरी राहणाऱ्यांच्या भटकण्यावरील औषधेतर उपायांविषयी, विश्वासार्ह नियंत्रित चाचण्याच सापडल्या नव्हत्या. त्यामुळे हे उपाय करून पाहावेत, परिणाम वहीत लिहावा आणि उपयोग नसेल तर सोडून द्यावेत. काळ्या चटईला मात्र माझा विरोध आहे. ती व्यक्तीला खड्ड्यासारखी दिसते म्हणून काम करते, आणि घाबरून तोल गेल्यास मांडीचे हाड मोडू शकते.

एक नियम निरपवाद आहे. व्यक्तीला एकटी आत ठेवून बाहेरून कुलूप लावू नये. आग लागली, गॅस सुटला किंवा ती पडली, तर सुटकेचा मार्गच राहत नाही. आतून कुलूप असेल तर त्याची किल्ली घरातील प्रत्येक प्रौढाला अंधारातही सापडली पाहिजे. मुख्य दार बंद झाल्यावर व्यक्ती दुसरी वाट शोधते, म्हणून बाल्कनी, गच्ची, खिडक्या आणि पाण्याच्या टाक्या यांची सुरक्षा दारासोबतच करावी.

सहावी पायरी: ओळख, यंत्रे आणि तयार कागद

नाव आणि दोन फोन क्रमांक कोरलेले कडे, कपड्यांच्या आतल्या शिवणीला लावलेली पट्टी, खिशात कार्ड, यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात, कारण एखादी गळून पडतेच. जपानमधील इरुमा शहराने २०१६ मध्ये नखावर चिकटवायचा सेंटिमीटरभर चौरस क्यूआर कोड सुरू केला. त्यामागचा विचार सरळ होता: कपडे आणि बूट बदलतात, बोटे सोबतच असतात.

जीपीएस घड्याळ किंवा बुटातला ट्रॅकर उपयोगी असतो, पण तो चार्ज असेल, अंगावर असेल आणि नेटवर्कमध्ये असेल तरच. रोज एका ठरलेल्या वेळी चार्जिंग करणे आणि आठवड्यातून एकदा नकाशावर प्रत्यक्ष तपासणे ही कामे कोणाची, हे ठरवल्याशिवाय तो विकत घेऊ नये. आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, त्या व्यक्तीला विचारून तिची संमती घेणे योग्य. आपल्या हालचालींवर नजर ठेवली जावी का, यावर तिचेही मत असते.

ब्रिटनमधील पोलीस ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत वापरतात. दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या लढाईत भाग घेतलेले आणि पुढे डिमेन्शियामुळे हरवलेले सैनिक जॉर्ज हर्बर्ट यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. यात कुटुंब एक अर्ज आधीच भरून ठेवते आणि व्यक्ती हरवताच पोलिसांना देते. असा कागद कोणालाही घरी करता येतो. त्यात अलीकडचे छायाचित्र, उंची, ओळखखुणा, औषधे, बोलण्याची भाषा, लाडके नाव, जुनी घरे, पूर्वीचे कामाचे ठिकाण, आवडत्या जागा, आधी हरवली असल्यास सापडण्याचे ठिकाण, आणि कशाने ती घाबरते किंवा शांत होते, हे सर्व लिहावे. त्याची प्रत फोनमध्येही ठेवावी.

शेजारी, पहारेकरी, जवळचे दुकानदार यांना संकोच न करता सांगावे. जपानमधील ओमुता शहरात नागरिक वाट चुकलेल्या व्यक्तीशी समोरून, हळू आवाजात आणि एकट्याने बोलायचा सराव करतात. हेच आपल्या इमारतीतल्या चार माणसांना सांगता येईल.

व्यक्ती दिसेनाशी झाली तर

आधी घर आणि लगतचा परिसर पिंजून काढावा. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे, गच्चीवर, जिन्याखाली, उभ्या गाडीत पाहावे. यासाठी १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. तोवर सापडली नाही, तर लगेच पोलिसांना कळवावे आणि “डिमेन्शिया आहे, स्वतःहून मदत मागू शकणार नाही” हे पहिल्याच वाक्यात सांगावे. २४ तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आणि घातक आहे. पहिल्या २४ तासांत न सापडलेल्यांमध्ये गंभीर इजा आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने वाढते.

एक जण फोनसह घरीच थांबावा, कारण व्यक्ती परतही येते. बाकीच्यांनी सर्वप्रथम पाण्याच्या जागा आणि वर्दळीचे रस्ते पाहावेत. हाका मारून विसंबू नये. अशी व्यक्ती बरेचदा हाकेला ओ देत नाही, घाबरून लपते, आणि सरळ चालत जाऊन झुडपात, कुंपणाशी किंवा खड्ड्यात अडकून तिथेच थांबते. म्हणून रस्त्याच्या कडेची झुडपे, नाले, बांधकामाच्या जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात. बहुतेक जण निघालेल्या ठिकाणापासून फार दूर सापडत नाहीत, म्हणून जवळचा परिसर एकदा पाहून झाला तरी पुन्हा पाहावा. वाहन किंवा बस हाताशी असेल, तर हे गणित बदलते. मग जुने घर आणि जुने कामाचे ठिकाण तपासावे.

सापडल्यावर “कुठे गेला होतात?” असे दरडावू नये. पाणी द्यावे, पाय, डोके आणि अंगाचे तापमान पाहावे, आणि शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे. मन शांत झाल्यावर वहीत मार्ग लिहावा. पुढच्या वेळी ती याच दिशेला जाण्याची शक्यता मोठी असते.

शुश्रूषा करणाऱ्याची मर्यादा

जपानमध्ये २००७ मध्ये डिमेन्शिया असलेले ९१ वर्षांचे गृहस्थ, वृद्ध पत्नीचा थोडा वेळ डोळा लागला असताना, घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून दगावले. रेल्वे कंपनीने कुटुंबाकडून भरपाई मागितली. खालच्या न्यायालयांनी भरपाईचा आदेश दिला, पण २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदार धरण्यास नकार दिला. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून पहारा देणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही, हे घरच्यांनीही एकमेकांना सांगण्याची गरज आहे. रात्री सलग जागरण होत असेल, तर पाळी लावावी, पगारी मदतनीस किंवा दिवसाचे काळजी केंद्र शोधावे. व्यक्ती वारंवार हरवत असेल आणि घरी एकच थकलेला माणूस असेल, तर निवासी केंद्राचा विचार उशिरा करू नये. केंद्र निवडताना तिथे मोकळेपणाने फिरायला सुरक्षित आवार आहे का आणि रात्री किती कर्मचारी जागे असतात, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

ही सगळी व्यवस्था दर तीन-चार महिन्यांनी तपासावी. छायाचित्र नवे काढावे, फोन क्रमांक पडताळावेत. आजार पुढे सरकतो तसा पायांतला जोर ओसरतो आणि हरवण्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा होतो. तेव्हा जास्तीच्या कड्या काढून टाकाव्यात, आधाराचे दांडे बसवावेत आणि उरलेल्या ताकदीनुसार सोबतीचे चालणे चालू ठेवावे.